जालन्याची भट्टी आणि आमची मोसंबी



प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्याकडे पंढरपूर, तुळजापूर, फार तर अजिंठा-वेरूळ. मी आज तुम्हाला घेऊन जाणार आहे जालन्याच्या एमआयडीसीत. तिथे देऊळ नाही, धबधबा नाही, झाडाची सावलीसुद्धा शोधावी लागते. तरी यंदाच्या वैशाखात मी, माझा थोरला भाऊ आणि वहिनी असे तिघेजण तिथे एक अख्खा दिवस हिंडून आलो. कशासाठी, ते आधी सांगतो.

आमचे गाव जालना-बदनापूर पट्ट्यातले. रात्री अंगणात बाज टाकून पडले की जालन्याच्या बाजूला आभाळ तांबूस दिसते. अमावास्येलाही दिसते. लहान मुले विचारतात, तिकडे काय पेटले आहे? पेटलेल्या असतात त्या लोखंडाच्या भट्ट्या. जालना हे गाव सळईचे. महाराष्ट्रात कुठे स्लॅब पडत असेल तर त्यातली काही सळई जालन्याची असण्याचा संभव मोठा.

दादाच्या शेतात चार एकर मोसंबी होती, ४४० झाडे. कलमे रंगपूर लिंबाच्या खुंटावरची, न्यूसेलर जातीची. ती मीच आणून दिली होती. नव्या नोकरीचा जोर होता, परभणीहून बी.एस्सी. होऊन आलेलो, घरच्याच शेतात नमुन्याची बाग उभी करून दाखवायची हौस होती. बाग उभी राहिलीही. बाराव्या वर्षी २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. विहीर दिवाळीलाच तळाला लागली. दोन बोअर घेतले, एक फुफाटा उडवून गप्प बसला, दुसरा महिनाभर चालला. मग टँकर. टँकरच्या पाण्याने झाडाला आळ्यात बादलीभर पाणी घालताना वहिनीला मी पाहिले आहे. एका हाताने बादली आणि दुसऱ्या हाताने खोडाला धरून, जणू आजारी माणसाला पाणी पाजावे. २०१३ च्या मे महिन्यात दादाने स्वतः कुऱ्हाड घातली. त्या वर्षी जालना जिल्ह्यात अशा कुऱ्हाडी घरोघर चालल्या, ते तुमच्यापैकी अनेकांना माहीत आहे. जुनी माणसे म्हणत, ७२ ला धान्य नव्हते पण विहिरीला पाणी होते, या खेपेला दुकानात धान्य आहे आणि प्यायला पाणी नाही.

त्या रानात नंतर कपाशी, सोयाबीन, तूर होत राहिली. पण मोसंबीवाल्याच्या मनातून मोसंबी जात नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाऊस नको नको म्हणेपर्यंत पडला, सोयाबीन सडले, पण विहिरी तुडुंब भरल्या. दादाने विहिरीत डोकावून पाहिले आणि संक्रांतीला जाहीर केले, “यंदा पावसाळ्यात पुन्हा ४४० झाडं.”

वहिनीने नाही म्हटले नाही. ती मला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही साहेब आहात. एवढंच सांगा. हे ऊन पुन्हा खाली उतरणार आहे का? पाऊस पहिल्यासारखा वेळेवर होणार आहे का? होणार असंल तर मी खड्डे खांदायला येते.”

मी जागतिक तापमानवाढीवर शाळांतून, ग्रामसभांतून पुष्कळ बोललो आहे. वहिनीपुढे जीभ अडली. कारण कपाशी सहा-सात महिन्यांची, चुकली तर पुढल्या वर्षी दुसरे काही पेरता येते. मोसंबी लावायची म्हणजे वीस वर्षांचा करार. वीस वर्षांचे हवामान कुणाच्या भरवशावर सांगायचे? मी घुटमळलो तसे तिने तांबूस आभाळाकडे बोट केले. “त्या भट्ट्यांनीच केलंय ना हे सगळं? मग त्यांनाच विचारून या.”

योग असा की गोठ्यात बोअरचे जीआय पाइप आणि जळालेली मोटर २०१३ पासून पडून होती. शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद दोन ठिकाणी फाटला होता आणि तो बदलायला पैसे हवे होते. भंगार विकायचे ठरले. गावातला टेम्पो जालन्याला जाणारच होता. वहिनी म्हणाली, मीही येते. पाइपवर तिचा हक्क आमच्यापेक्षा जास्त होता, त्या बोअरसाठी तिची पाटली गेली होती.

जालना-छत्रपती संभाजीनगर रस्त्याने एमआयडीसी जवळ आली की पहिल्यांदा हवेचा रंग बदलतो. रस्त्याकडेच्या बाभळी आणि कडुनिंब राखाडी दिसतात. पानावर बोट फिरवले तर बोट काळे होते. ही धूळ जवळच्या रानांना त्रास देते, पिकाच्या पानांवर बसते, त्याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. पण बंधूंनो, धूळ वेगळी आणि तापमानवाढ वेगळी. धूळ दिसते आणि चार-सहा कोसांत खाली बसते. तापमान वाढवणारा वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो खाली बसत नाही. जालन्यातून निघालेला वायू वर्षभरात साऱ्या पृथ्वीभर पसरतो, आणि अमेरिकेतून निघालेला आमच्या मोसंबीवर येतो. दिसणाऱ्या धुरावर राग काढणे सोपे असते, म्हणून एवढे सांगितले.

भंगाराच्या वखारीत आमचे पाइप काट्यावर चढले. आजूबाजूला ढीग पाहिले तर अर्धी शेतीच तिथे पडलेली. मोडके नांगर, पेरणी यंत्राचे फण, मोटारींचे सांगाडे, गंजलेली पिंपे, एका शाळेचे बाक. दादा एका नांगराच्या फाळाजवळ उगाच उभा राहिला. पैसे हातात पडले तेव्हा वहिनीने विचारले, “हे आता कुठं जाणार?” वखारवाला म्हणाला, “मावशी, आठवडाभरात सळई होऊन पुन्हा तुमच्याच गावात येईल.”

ती आठवडाभराची वाट आम्ही दोन तासांत पाहिली. एका कारखान्यात आमच्या शेजारच्या गावचा एक मुलगा पाळीप्रमुख आहे. त्याचे वडील माझ्या शिबिरांना हटकून यायचे. त्यांचीही बाग २०१३ ला गेली, आणि पोरगा आयटीआय करून भट्टीवर आला. परवानगी काढून त्यानेच आम्हाला आत नेले. वहिनीने डोक्यावरच्या पदरावरच शिरस्त्राण चढवले. पिवळ्या टोपीखालून हिरवे काठ दिसत होते, आणि त्या दिवशी दादाने पहिल्यांदा हसून घेतले.

भट्टी म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे लोहाराचा भाता आणि कोळसा येतो. इथे कोळसा दिसत नाही. मोठ्या रांजणासारखे पात्र, त्याभोवती तांब्याच्या नळ्यांचे वेढे, नळ्यांतून थंड पाणी फिरते आणि वेढ्यांतून वीज. त्या विजेच्या योगाने आतले लोखंड स्वतःच्याच अंगात तापते आणि वितळते. याला इंडक्शन भट्टी म्हणतात. क्रेनला टांगलेले लोहचुंबक भंगाराचा एवढा मोठा घास उचलते आणि रांजणात सोडते. आत सोळाशे अंशांच्या आसपास उष्णता. पाणी शंभर अंशांना उकळते, त्यावरून अंदाज करा. वितळलेले लोखंड दुधासारखे सळसळते, वर मळ येतो तो काढतात, मग ओतून त्याच्या चौकोनी लांब कांबी करतात. त्यांना बिलेट म्हणतात. बिलेट लाटणाऱ्या यंत्रांतून एकामागून एक जाताना लांब आणि बारीक होत जाते, शेवटी तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो आणि बाहेरून कडक, आतून लवचीक अशी सळई तयार होते.

भट्टीपासून वीस पावलांवरही चेहरा भाजत होता. तिथली माणसे आलटून पालटून थोडा थोडा वेळच पुढे उभी राहतात. मराठवाड्याची आहेत, बिहार आणि उत्तर प्रदेशाचीही आहेत. पाळीप्रमुख म्हणाला, “सर, थंडीत हे काम बरं वाटतं. मे महिन्यात बाहेर ४३ अंश असतं तेव्हा माणूस विसावा घ्यायला जाणार कुठं? बाहेरही भट्टीच.” उन्हाची झळ फक्त शेतकऱ्याला लागते असे आपण समजतो, ते तितकेसे खरे नाही.

वहिनीने त्याला थेट विचारले, “बाबा, तुमच्या या भट्टीनं ऊन वाढलं का?”

तो चांगला मुलगा, टाळाटाळ न करता हिशेब सांगू लागला, आणि मी माझी डायरी काढली. तो हिशेब तुमच्यासाठी मांडतो. एक टन भंगार वितळवून सळई करायची तर ढोबळमानाने सहाशे युनिट वीज लागते. आपल्या देशातली बहुतेक वीज अजून दगडी कोळशावर होते, आणि एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका टनामागे चार-सव्वाचार क्विंटल. हा धूर जालन्यात दिसत नाही, परळी, चंद्रपूर, कोराडीच्या धुराड्यांतून निघतो. पण भट्टीत नुसते भंगार घालत नाहीत, स्पंज आयर्नही मिसळतात. ते खनिजापासून कोळशाच्या साहाय्याने काढलेले लोखंड असते. त्याच्या एका टनामागे वायू दोन टनांच्याही वर जातो. साऱ्या जगाचा विचार केला तर माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या पोलादाचा आहे.

“म्हणजे हो,” वहिनी म्हणाली.

“हो, पण एकट्याचं नाही मावशी.”

आता हा वायू ऊन कसे वाढवतो, ते मी भट्टीबाहेर चहाच्या टपरीवर वहिनीला सांगितले. तुम्हालाही तसेच सांगतो, कारण पुस्तकातल्या काचघरापेक्षा आपल्याला गोधडी जवळची. मार्गशीर्षातली रात्र आठवा. आभाळ निरभ्र असले की पहाटे हुडहुडी भरते. त्याच महिन्यात ढग आले की रात्र उबदार जाते आणि हरभऱ्यावर घाटेअळी वाढते. का? दिवसा तापलेली जमीन रात्री आपली ऊब आभाळाकडे टाकत असते. ढग असले की ती अडते. कार्बन डायऑक्साइड आणि त्याच्यासारखे वायू हेच काम करतात, फक्त ते न दिसता आणि बारमाही करतात. ते अजिबात नसते तर पृथ्वी गोठून गेली असती. गोधडी हवीच. प्रश्न ती किती जाड असावी हा आहे. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे २८० भाग होते. १९५८ साली हवाई बेटावरच्या मौना लोआ येथे रोज मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होते. आज ४२० च्या वर गेले आहेत. कोळसा जाळून पृथ्वी तापेल असे गणित स्वान्ते अऱ्हेनियस नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १८९६ सालीच मांडले होते. तेव्हा कुणी मनावर घेतले नाही. थंड देशातल्या माणसाला थोडे गरम झाले तर बरेच वाटले असावे.

२०२४ हे वर्ष जगात मोजणी सुरू झाल्यापासून सर्वांत तापलेले ठरले, त्या वर्षीची सरासरी कारखानदारीपूर्व काळापेक्षा दीड अंशाहून अधिक होती. दीड अंश ऐकून दादा म्हणाला, “एवढ्यानं काय होतंय?” मी त्याला म्हटले, दादा, अंगात दीड अंश ताप असला तर तू औताला जातोस का? शिवाय ही सरासरी आहे. तापलेली हवा प्रत्येक अंशामागे सुमारे सात टक्के जास्त वाफ धरून ठेवते. ती वाफ जमिनीतून, तळ्यातून, पानातून ओढून घेते. म्हणून पावसाची उघडीप पडली की ती जास्त जाळते. आणि तीच हवा रिकामी होते तेव्हा एका रात्रीत महिन्याचा पाऊस ओतते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारांनी गहू, हरभरा आणि द्राक्ष झोडपले. २०१६ ला लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. २०२२ चा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च होता, गव्हाचे दाणे भरण्याआधीच सुकले आणि मे महिन्यात सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. प्रत्येक घटनेचे खापर तापमानवाढीवर फोडता येणार नाही. दुष्काळ आपल्या आजोबांच्या वेळीही होते. पण पत्त्यांचा जोड पिसताना कुणी दोन-चार वाईट पाने जास्तीची घालून ठेवावीत, तसे झाले आहे. वाईट पान हाताला लागण्याची पाळी लवकर लवकर येते.

आणि गंमत पाहा. २०१३ साली परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद पडले ते कोळसा संपला म्हणून नव्हे, पाणी संपले म्हणून. कोळसा जाळायलाही पाणी लागते.

आता वहिनीच्या मूळ प्रश्नाकडे येतो. ऊन पुन्हा उतरेल का? हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड लवकर निघून जात नाही. त्यातला काही भाग झाडे आणि समुद्र ओढून घेतात, पण उरलेला शेकडो वर्षे टिकतो. जगाने उद्या सकाळी साऱ्या भट्ट्या विझवल्या तरी आत्ताची गोधडी तेवढीच जाड राहील. विझवल्याने एवढेच होईल की ती आणखी जाड होणार नाही. हे फार मोठे आहे, त्यासाठीच सारी धडपड. पण १९९० सालचा जून महिना आपल्याला परत मिळणार नाही. मी हे टपरीवर बसून वहिनीला सांगितले. गेली तीस वर्षे मी शेतकऱ्यांना “सरासरी इतका पाऊस धरून चला” असे सांगत आलो आहे. त्या दिवशी ते वाक्य माझ्याच घशात अडकले.

धडपड काय चालली आहे, तेही पाहिले. त्या कारखान्यात बिलेट थंड होऊ न देता लाल असतानाच लाटायला पाठवतात. पूर्वी ते थंड करून पुन्हा तापवत, त्यासाठी वेगळा कोळसा जळे. तो वाचला. छतावर आणि माळावर सौर पट्ट्या बसवण्याकडे कल आहे. यात नुसते पुण्य नाही, व्यवहारही आहे. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या ठरवली. एका टनामागे २.२ टनांपेक्षा कमी वायू असेल तरच पोलाद हरित, आणि १.६ टनांच्या खाली असेल तर पाच तारे. युरोपने २०२६ च्या जानेवारीपासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर वायूच्या प्रमाणात आकार लावण्याची पद्धत सुरू केली. या हिशेबात भंगाराची सळई खनिजाच्या सळईपेक्षा कितीतरी स्वच्छ ठरते. आमचे गंजके पाइप त्या अर्थाने किमती होते. दादाला वाटले, वखारवाल्याने भाव कमी दिला.

न्यायाची गोष्टही बोलली पाहिजे. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत चौदा टनांच्या आसपास. दीडशे-दोनशे वर्षे ज्यांनी गोधडीवर थर चढवले त्यांनी अधिक भार उचलावा, ही आपल्या देशाची मागणी रास्त आहे. भारताने स्वतःसाठी २०७० चे ध्येय २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत सांगितले आहे. हे सारे खरे. पण तिकडे बोट दाखवताना माझ्या डायरीतल्या दुसऱ्या एका हिशेबाने मला गप्प केले.

तो हिशेब युरियाचा. ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र. त्यातला अगदी थोडा अंश, शेकडा एकच्या आतबाहेर, जमिनीतल्या जिवाणूंमार्फत नायट्रस ऑक्साइड होऊन उडून जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता अडवणारा. शिवाय युरिया जमिनीत फुटताना त्यातला कार्बन डायऑक्साइडही सुटतो. दोन्ही धरून एका गोणीमागे शेतातूनच सुमारे क्विंटलभर. म्हणजे चार गोण्या युरिया म्हणजे एक टन भंगाराची सळई! गोणी तयार करताना खताच्या कारखान्यात निघालेला धूर आणखी वेगळा. मी टपरीवरच्या बाकावर हे गणित दोनदा करून पाहिले. आयुष्यभर मी हातात चार्ट घेऊन हेक्टरी किती गोण्या ते सांगितले, आणि पिकाला पेलवत नसता दोन गोण्या जास्त टाकणाऱ्याला पुरेसे अडवले नाही. बांधावर पऱ्हाट्या पेटवणाऱ्याला तर “रान साफ झाले” म्हणून शाबासकीही दिली असेल. नत्र बंद करा असे मी म्हणत नाही, पीक उपाशी ठेवून कुणाचे भले नाही. माती तपासून द्या, एकदम न देता दोन-तीन हप्त्यांत द्या, मातीआड करून द्या, डाळवर्गीय पिकाची फेरपालट करा. पैसे तुमचेच वाचतील.

एमआयडीसीतून परतताना एक गोष्ट वहिनीच्या लक्षात आली ती आमच्या आली नव्हती. ती म्हणाली, “एकीकडं भट्ट्या आणि एकीकडं बियाण्याच्या कंपन्या. आग पण जालन्यात, बी पण जालन्यात.” खरेच, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्याचा धंदा इथे रुजायला इथली कोरडी हवाही उपयोगी पडली, बियाणे वाळायला आणि टिकायला ती चांगली. थोड्या अंतरावर बदनापूरच्या संशोधन केंद्रातून बीडीएन ७११ सारखी लवकर येणारी तूर निघाली. ती पाऊस आखडला तरी दाणे पदरात टाकते. आपल्या मुलखाने कोरडेपणाशी पूर्वीपासूनच हातमिळवणी केली आहे.

तसेच कडवंची. जालना तालुक्यातलेच गाव. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीने तिथल्या लोकांनी नव्वदच्या दशकात माथा ते पायथा पाणलोटाची कामे केली, मग घरोघर शेततळी घेतली. २०१२ च्या दुष्काळात आमची मोसंबी गेली तेव्हा कडवंचीची द्राक्षे उभी होती. आकाश दोघांचे एकच होते. मला ते तेव्हाही माहीत होते. घरच्या बागेसाठी मात्र मी फक्त बोअर सुचवले. असो.

रात्री आम्ही अंगणात कंदील नव्हे, मोबाइलचा दिवा लावून हिशेबाला बसलो. हा भाग बागायतदारांनी नीट वाचावा. सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडे. पूर्ण वाढलेल्या झाडाला ठिबकने का होईना, भर उन्हाळ्यात दिवसाला शंभर लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे एकराला दिवसाला ११ हजार लिटर. फेब्रुवारी ते मे असे १२० दिवस धरले तर १३ लाख लिटरांच्या वर. चार एकरांना जवळजवळ ५३ लाख. आमचे शेततळे तीस बाय तीस, खोली तीन मीटर. बाजूंचा उतार वजा जाता त्यात सुमारे २२ लाख लिटर मावते. ते सगळे आपल्याला मिळते का? मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला सेंटिमीटरभर पाणी उडून जाते. ९०० चौरस मीटर पृष्ठभागातून सेंटिमीटर म्हणजे ९ हजार लिटर! एका एकर मोसंबीला लागते जवळपास तेवढेच पाणी सूर्यच पिऊन जातो. चार महिन्यांत सहा-सात लाख लिटर गेले समजा. उरले पंधरा लाख. विहिरीचे पाणी मी हिशेबात धरलेच नाही. भरलेल्या विहिरीने आम्हाला एकदा फसवले आहे.

दादा बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिला. “म्हणजे एका तळ्यावर एक एकर.”

“तेवढंच. आणि आळ्यांत पाचटाचं आच्छादन, पश्चिमेला वारा अडवायला शेवरीची रांग. बहार कोणता धरायचा तेही बघावं लागंल. आंब्या बहाराला फळं ऐन उन्हाळ्यात झाडावर राहतात, पाणीही जास्त आणि गळही जास्त. मृगाला उन्हाळ्यात ताण द्यायचा असतो, पाणी वाचतं, पण मे महिन्यात अवकाळी पडला की ताण मोडतो.” मृग बहार सरसकट सांगून मोकळे होण्याइतके हे सोपे राहिलेले नाही, आणि मी तसे सांगितलेही नाही.

“आणि बाकीचे तीन एकर?” वहिनीने विचारले.

तूर-सोयाबीन आहेच. अर्ध्या एकरात तुती लावून पाहायचे ठरले. जालन्यात २०१८ पासून रेशीम कोषांची बाजारपेठ आहे, आणि तुती उन्हाळ्यात पाण्याअभावी वाळली तरी छाटल्यावर पावसात पुन्हा फुटते. मोसंबीला कुऱ्हाड घालावी लागते. पोकरा प्रकल्पात, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, हवामान बदलाला तोंड देण्यासाठी २०१८ पासून हजारो गावांत शेततळी, ठिबक, तुती अशा कामांना मदत मिळत आली आहे. आपल्या गावी काय चालू आहे याची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे करावी.

पाइपांच्या पैशांतून शेततळ्याचा नवा कागद आला. ११० खड्डे खांदून झाले आहेत, अजून रोपे आलेली नाहीत. वहिनीने प्रत्येक खड्ड्यात शेणखताबरोबर मागच्या हंगामातल्या पऱ्हाट्यांचा बारीक केलेला भुसा टाकला. पेटवू दिल्या नाहीत. युरियाची एक गोणी घरात तशीच पडून आहे. दादा म्हणतो, पावसाळ्यात लागेल. ती म्हणते, आधी माती तपासून आणा, मग सोडा. नमुना मी काल जालन्याला नेऊन दिला.